यादीबाहेरची मुले

‘वर्गात लक्ष देत नाही.’ माझा मुलगा प्राथमिक शाळेत असताना त्याच्या डायरीत लाल शाईतले हे वाक्य आठवड्यातून दोनतीनदा तरी येत असे. मी त्याला रागावत असे. घरातली ज्येष्ठ मंडळी म्हणत, ‘मुलगाच तो, वाढला की शांत होईल.’ तो चौथीत असताना बालमानसतज्ज्ञांनी एडीएचडीचे, म्हणजे अवधानाची उणीव आणि अतिचंचलता यांचे निदान केले, तेव्हा त्या लाल शाईला मीही हातभार लावला होता हे ध्यानात आले. आता तो दहावीच्या परीक्षेला बसणार आहे आणि त्याला वीस-तीस मिनिटे अधिक मिळावीत यासाठी माझी धावाधाव चालू आहे.

ही धावाधाव माझ्या एकट्याची नाही. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीसाठी तीस आरोग्यदोषांची यादी ठरली. तीत एडीएचडी आहे. तीन वर्षांनी, २०१६ मध्ये, दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत एकवीस प्रकारची दिव्यांगता आहे. स्वमग्नता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमताही आहे. एडीएचडी मात्र नाही. एका हाताने शासन दोष शोधते आणि दुसऱ्या हाताने त्याची नोंद नाकारते. परीक्षा मंडळांच्या सवलती बहुतांशी दिव्यांगता प्रमाणपत्राशी बांधलेल्या असल्यामुळे एडीएचडीबरोबर अध्ययन अक्षमताही असलेल्या मुलाला कागद मिळतो. केवळ एडीएचडी असलेला रिकाम्या हाताने परततो. दोन व्याधी असणे हे जिथे सुदैव ठरते, तिथे नियमातच काही चुकले आहे.

सवलतीसाठी पालक खोटी प्रमाणपत्रे आणतील, ही शंका मला अनाठायी वाटत नाही. परीक्षेच्या गुणांवर आयुष्य टांगणाऱ्या आपल्या देशात ते घडेलही. परंतु हे निदान एका भेटीत उरकायचे नसते. लक्षणे बारा वर्षांच्या आत दिसलेली असावी लागतात, किमान सहा महिने टिकावी लागतात आणि घर व शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी आढळावी लागतात. ही शिस्त पाळणारे सरकारी मंडळ नेमता येईल. फसवणुकीच्या भीतीपोटी खऱ्या मुलाला दारातच अडवणे हा उपाय नव्हे.

औषधाचीही तीच कथा. या विकारात दीर्घकाळ वापरले जाणारे मिथाइलफेनिडेट औषध नियमावलीच्या ‘अनुसूची एक्स’मध्ये येते, ते विकण्यास वेगळा परवाना लागतो. गैरवापराचा धोका पाहता हे योग्यच आहे. पण लहान गावातला औषधविक्रेता मोजक्या रुग्णांसाठी तो परवाना काढत बसत नाही आणि पालकांना महिन्याच्या गोळ्यांसाठी मोठ्या शहराची वाट धरावी लागते.

शाळेला मात्र फारसा खर्च नाही. खिडकीपासून दूर, पुढचा बाक. एका वेळी एकच सूचना. लांबलचक गृहपाठाचे तुकडे. वह्या वाटण्यासारखे उठण्या-बसण्याचे काम. माझ्या मुलाला सहावीत अशा एक शिक्षिका लाभल्या आणि त्या वर्षी डायरी कोरी राहिली. शिक्षण हक्क कायद्याचे सतरावे कलम शारीरिक शिक्षेला व मानसिक छळाला मनाई करते, तरी वर्गाबाहेर उभे करण्याची प्रथा सुटलेली नाही. (अशा मुलाला बाहेरचा व्हरांडा बहुधा शिक्षा वाटतच नाही, हे शिक्षकांच्या ध्यानी कसे येत नाही?) पुढे महाविद्यालयात आणि नोकरीत वेळेचे भान व कामाचा पाठपुरावा हीच या मुलांची दुखरी जागा राहते. त्याची सवय शाळेतच लावावी लागते. ती अपमानातून लागत नाही.

एडीएचडीला कायद्यात स्थान देण्यासाठी संसदेची वाट पाहण्याचीही गरज नाही. २०१६ च्या अनुसूचीच्या अखेरीस केंद्र सरकार अधिसूचित करील अशा अन्य कोणत्याही प्रवर्गासाठी जागा राखलेली आहे. एक अधिसूचना पुरेशी आहे. ती माझ्या मुलाच्या परीक्षेपर्यंत निघेल अशी माझी अपेक्षा नाही. पण आज जे मूल चौथीत लाल शाई झेलत आहे, त्याच्या दहावीला अजून सहा वर्षे आहेत.