नकाशा कुणाच्या मालकीचा?

मी आयुष्यभर मराठी शिकवली. पास्कलचा नियम शेजारच्या वर्गातून कानावर पडायचा तेवढाच. त्यामुळे सत्तरी उलटल्यावर मी ट्रॅक्टरच्या व्हॉल्व्हवर लिहायला बसलो म्हणून जुने विद्यार्थी हसतील. हसू देत. राग आलाय तो मराठीच्या मास्तरालाच आलाय.

आमच्या पुतण्याकडे छोटा ट्रॅक्टर आहे, पुढे लोडर लावलेला. शेणखत, माती, चिरे हलवायला बरा पडतो. कट्ट्यात आता मजूर मिळतोच कुठे? तर मे महिन्यात, ऐन खत ओढायच्या दिवसांत, लोडर दगा देऊ लागला. भरलेलं बकेट वर उचलून ठेवलं की आपोआप खाली येऊ लागलं. खाली कोणी माणूस असता तर? विचारानेच अंगावर काटा आला.

सर्व्हिस सेंटरचा माणूस आला. त्याने दांडा दोनदा पुढे-मागे केला आणि निकाल दिला, "अख्खो व्हॉल्व्ह बदलूचो लागतलो." किंमत माझ्या महिन्याच्या पेन्शनपेक्षा जास्त. पैसे आधी आणि माल तीन आठवड्यांनी. तोवर मिरग येऊन ठेपणार! पुतण्याने विचारलं, आतलं सील तेवढं बदलता येईल का? उत्तर आलं, सील सुटं विकत नाहीत.

मला सांगा, पोरगं नापास झालं तर आपण आधी पेपर तपासून बघतो ना? की सरळ नवीन पोरगं आणा म्हणतो?

पेपर तपासला तो गावातल्या गॅरेजवाल्याने. "गुरुजी, आधी होज बदलून बघूया. जॅक गळता की व्हॉल्व्ह, ता कळात." बकेट जमिनीवर टेकवलं, इंजिन बंद केलं, दांडे हलवून आतला दाब सोडला. मग लोडर उचलणाऱ्या जॅकच्या नळ्या व्हॉल्व्हच्या दुसऱ्या घराला जोडल्या, म्हणजे बकेट वळवणाऱ्या घराला. आता लोडर जागच्या जागी राहिला! म्हणजे जॅकचं पॅकिंग ठीक, दोष व्हॉल्व्हच्या पहिल्या घरात. बिनखर्चाचा प्रयोग, आणि सर्व्हिस सेंटरवाल्याने तोच केला नव्हता. (त्याचं निदान बरोबर निघालं हे कबूल करतो. पण न तपासता बरोबर आलेल्या उत्तराला मी कधी पूर्ण गुण दिले नाहीत.)

व्हॉल्व्ह उघडला तर स्पूलवर, म्हणजे आत सरकणाऱ्या दांडीवर, गंजाचे खड्डे. दांडी आणि तिचं भोक यांच्यातली फट इतकी बारीक की मोजायची तर मायक्रॉनमध्ये. खड्डे पडले की तेल वाट काढणारच. ओ-रिंग बदलून हे भागणारं नव्हतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातून त्याच मापाचा दोन दांड्यांचा व्हॉल्व्ह मागवला, चार दिवसांत आला, बसवला. लोडर झकास चालू! आणि मागची लिफ्ट बंद. नांगर उचलेना.

इथे आमचे दोन दिवस गेले. या ट्रॅक्टरात पंपाचं तेल आधी लोडरच्या व्हॉल्व्हमध्ये येतं आणि तिथून मागच्या लिफ्टकडे जातं. त्यासाठी व्हॉल्व्हला पुढे दाब पोचवणारं वेगळं तोंड लागतं, आणि नव्या व्हॉल्व्हमध्ये त्या जागी एक खास स्लीव्ह बसवावी लागते. ती नसेल तर सगळं तेल टाकीत परत. आणि कुणी उतावळेपणाने टाकीकडे जाणाऱ्या तोंडालाच लिफ्टची नळी जोडली, तर दाब नको तिथे चढतो आणि व्हॉल्व्हचं बीडाचं अंग तडकू शकतं. हे सगळं एका पानाच्या नकाशात मावतं. पुतण्याने तो सर्व्हिस सेंटरकडे मागितला. उत्तर आलं, बाहेर देता येत नाही.

बाहेर? ज्याने पैसे मोजून ट्रॅक्टर घेतला तो बाहेरचा?

सुरक्षेसाठी देत नाही, असं म्हणतात. धोका खोटा नाही. टाचणीएवढ्या भोकातून दाबाखालचं तेल उडालं तर कातडीत शिरतं, वरून नुसतं टोचल्यासारखं दिसतं आणि आत बोट सडू लागतं, तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. गळती हाताने चाचपायची नाही, पुठ्ठा धरून बघायची. पण मग हेच मराठीत छापून द्या ना! माहिती दडवल्याने शेतकरी ट्रॅक्टर उघडायचा थांबत नाही, आंधळेपणाने उघडतो एवढंच.

लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात सायकली विकायचे आणि दुरुस्तही करायचे. पुढे त्यांनी लोखंडी नांगर केला, १९१० साली किर्लोस्करवाडी उभी केली. दुरुस्ती करणाऱ्या हातांतून या मुलखातला कारखाना उभा राहिला आणि आज त्याच हातांना कारखाने परके समजतात.

आपल्या सरकारला हे कळत नाही असंही नाही. २०१४ साली स्पर्धा आयोगाने सुटे भाग आणि माहिती बाहेरच्या गॅरेजना न दिल्याबद्दल १४ मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, तिच्या यादीत शेतीची अवजारे होती. डिसेंबरात पोर्टलही निघालं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतकऱ्यांसाठी कायदा केला, तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. कंपनीने सुटे भाग, साधनं आणि माहितीपुस्तकं शेतकऱ्याला द्यायलाच हवीत. आमच्याकडे पोर्टल! पोर्टलवर माहिती ठेवायची की नाही हे कंपनीच्या मनावर. परीक्षा ऐच्छिक ठेवली तर वर्गात किती मुलं बसतील, हे कुठल्याही मास्तराला विचारा.

माझं मागणं फार नाही. ट्रॅक्टरबरोबर तेलाच्या वाटेचा नकाशा मराठीत मिळावा, सील किट सुटं मिळावं, आणि अख्खा भाग बदला म्हणणाऱ्याने काय तपासलं ते बिलावर लिहून द्यावं.

असो. स्लीव्ह कोल्हापूरहून एस.टी.ने आली, नांगर उचलला गेला. गॅरेजवाल्याने कालनिर्णयच्या पाठीमागे तेलाची सगळी वाट काढून दाखवली, मी ती सुवाच्य अक्षरात उतरवली आणि ट्रॅक्टरच्या मांगरात टांगली. परवा पेंडूरचा एक शेतकरी येऊन तिची झेरॉक्स घेऊन गेला. त्याचा ट्रॅक्टर आमच्याच कंपनीचा आहे.