भंगाराच्या काट्यावर न चढणारे वेष्टन

खाद्यपदार्थाचे वेष्टन पर्यावरणपूरक आहे का, हे ठरवताना आपण ते कशाचे बनले आहे एवढेच पाहतो. वापरानंतर त्याला त्या गावात गिऱ्हाईक आहे का, हे विचारत नाही. जामखेड तालुक्यातील खर्ड्यासारख्या ग्रामपंचायतीच्या गावात मात्र हाच प्रश्न निर्णायक ठरतो, कारण पुनर्चक्रणाची साखळी तिथे मुख्यतः भंगारवाल्याच्या काट्यापासून सुरू होते, आणि काटा फक्त वजन ओळखतो.

पाण्याची बाटली आणि दुधाची पिशवी एकजिनसी प्लास्टिकची असल्यामुळे विकली जाऊ शकते. वेफर्सच्या पुडीत निरनिराळी प्लास्टिके आणि धातूचा सूक्ष्म थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे करणे परवडत नाही, शिवाय किलोभर माल जमायला शेकडो पुड्या वेचाव्या लागतात. उत्पादकांवर २०२२ पासून विस्तारित जबाबदारीची, म्हणजे विकलेल्या वेष्टनांवर वापरानंतर प्रक्रिया करवून घेण्याची, उद्दिष्टे आहेत, परंतु ती देशात कुठेही झालेल्या प्रक्रियेच्या प्रमाणपत्रांवर भागवता येत असल्याने कंपनीला आडगावापर्यंत पोहोचण्याचे आर्थिक कारण उरत नाही.

राज्याने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने आणि केंद्राने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ताटल्या-पेल्यांवर बंदी घातली, ती योग्यच होती. पण रिकामी झालेली जागा बऱ्याच अंशी कागदी पेल्याने घेतली, आणि त्याला आतून पॉलिथिनचे अस्तर असते. अशा पेल्यात १०० मिलिलिटर गरम द्रव १५ मिनिटे राहिल्यास सुमारे २५,००० सूक्ष्म प्लास्टिककण त्यात उतरतात, असे आयआयटी खरगपूरच्या संशोधकांना आढळले. त्यातच रद्दीवाल्याला तो कागद म्हणून नको असतो आणि भंगारवाल्याला प्लास्टिक म्हणून. जुलै २०२२ मध्ये राज्याने अस्तरवाल्या वस्तूंनाही बंदीच्या कक्षेत आणले. मात्र त्यांना पर्याय म्हणून येणाऱ्या, कंपोस्टेबल म्हणून प्रमाणित वस्तूंची कसोटी सुमारे ५८ अंशांच्या नियंत्रित कंपोस्टिंगमध्ये होते. उकिरड्याच्या पोटात तशी उष्णता कधी चढलीच, तरी कोरड्या हवेत, खालीवर केल्याविना ती महिनोन्‌महिने टिकेल असे मानता येत नाही. पळसाच्या पानांच्या पत्रावळीचे खत निश्चित होते. यंत्रावर दाबलेल्या पत्रावळीला प्लास्टिकची फिल्म असेल तर होत नाही, म्हणून लग्नकार्यासाठी घेताना ती फाडून पाहावी.

ज्याला भाव नाही ते जाळले जाते, ओढ्यात साचते किंवा अन्नाच्या वासामुळे जनावराच्या कोटीपोटात जाते, जिथून ते रवंथातही परत येत नाही आणि पुढेही सरकत नाही. पशुधनावर जगणाऱ्या भागात हा खर्च शेवटी गोठ्यावर पडतो.

२०१८ च्या त्याच अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर किमान ५० पैसे परतावा छापण्याची तरतूद होती. तिच्यामागचा विचार अचूक होता: भाव वजनावरून नगावर आणला की हलकी वस्तूही वेचण्याजोगी होते. हे तत्त्व वेफर्सच्या पुडीला आणि कागदी पेल्याला लागू होत नाही तोवर प्रत्येक नवी बंदी बाजारात नवा पदार्थ आणील, आणि तो खर्ड्याच्या काट्यावर चढेल याची हमी कोणताही नियम देणार नाही.