चारातला एक निवडण्याआधी

हैदराबादच्या मराठी घरांत मार्च आला की दोन प्रश्न हमखास ऐकू येतात. "इंटरचे पेपर कसे गेले?" हा पहिला. त्याचं उत्तर मिळायच्या आत दुसरा, "एमसेटची तयारी झाली का?" परीक्षेचं नाव आता ईएपीसेट झालंय, पण आपण सगळे अजून एमसेटच म्हणतो. तीन तास आणि १६० प्रश्न. इंजिनिअरिंग असो की ॲग्रिकल्चर-फार्मसी, त्यांतले ४० रसायनशास्त्राचे. भागाकार केला तर एका प्रश्नाला साधारण ६७ सेकंद मिळतात. पूर्वी रँक काढताना इंटरच्या गुणांनाही २५ टक्के वजन होतं. २०२३ मध्ये तेलंगणाने ते कायमचं काढून टाकलं. म्हणजे दोन वर्षं लिहिलेल्या लांब उत्तरांचा रँकमध्ये काही हिशेब नाही. चारातला कोणता पर्याय निवडला, एवढंच मोजलं जातं.

यावर साहित्याच्या मंडळींचं मत ठरलेलं असतं: बहुपर्यायी प्रश्न म्हणजे निव्वळ अंदाजपंचे. मला हे पटत नाही. लाखो मुलांचे पेपर एकाच मापाने तपासायचे असतील, तर ही पद्धत बरीच न्यायाची आहे. अक्षर वाईट म्हणून गुण जात नाहीत. तेलुगू किंवा मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला इंग्रजीत पानभर लिहिता आलं नाही, तरी रसायनशास्त्र येत असेल तर ते दिसतं. माझी तक्रार प्रश्नांबद्दल नाही, आपण त्यांची तयारी ज्या तऱ्हेने करतो तिच्याबद्दल आहे.

ती तऱ्हा सगळ्यांच्या ओळखीची आहे. आधी जाडजूड प्रश्नसंच आणायचा. प्रश्न वाचला न वाचला की पर्यायांवर उडी मारायची, मागे उत्तर बघायचं, बरोबर आलं की पुढे. एका बैठकीत शंभर प्रश्न 'झाले' याचा आनंद. पण शंभर झाले म्हणजे नक्की काय झालं?

एक जुना, नेहमीचा प्रश्न घ्या. हायड्रोक्लोरिक आम्लाचं अतिशय विरल द्रावण आहे, संहती दहाचा उणे आठवा घात मोल प्रति लिटर. त्याचा सामू, म्हणजे पीएच, किती? पर्याय: ८, ७, ६.९८ आणि ६. सूत्र पाठ असलेला मुलगा पाच सेकंदांत ८ वर खूण करतो. क्षणभर थांबून स्वतःला विचारलं असतं, "अरे, आम्लात पाणी ओतत गेलं तर ते अल्कधर्मी कसं होईल?" तर ८ आपोआप गळाला असता. इतक्या विरल द्रावणात पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयनही मोजावे लागतात, आणि उत्तर ६.९८ येतं. प्रश्न काढणाऱ्याने ८ हा पर्याय उगाच ठेवलेला नसतो. घाईत आपण नेमकं काय चुकू, हे ओळखूनच तो लिहिलेला असतो.

दुसरा प्रकार विधान आणि कारण यांचा. सीबीएसईच्या बारावीच्या रसायनशास्त्रात असे प्रश्न असतातच. विधान: पाण्याचा उत्कलनांक हायड्रोजन सल्फाइडपेक्षा जास्त आहे. कारण: पाण्याचं रेणुवस्तुमान हायड्रोजन सल्फाइडपेक्षा कमी आहे. दोन्ही वाक्यं खरी आहेत. पण पहिलं दुसऱ्यामुळे घडत नाही. ते पाण्याच्या रेणूंमधल्या हायड्रोजन बंधांमुळे घडतं. इथे परीक्षा रसायनाची आहे तशी 'कारण' या शब्दाचीही आहे. मराठी वाङ्मय मंडळात आपण जे करतो, वाक्य नीट वाचणं, 'म्हणून' आणि 'तरीही' यांतला फरक ओळखणं, ते इथे थेट कामाला येतं. 'पुढीलपैकी अयोग्य विधान कोणते?' यातला 'अयोग्य' न वाचल्यामुळे किती गुण जातात, हे सायन्सच्या कुठल्याही मुलाला विचारा.

महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीत एक नियम आहे, तो मला आवडतो. बहुपर्यायी प्रश्नात नुसतं अक्षर लिहून गुण मिळत नाही. अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहावं लागतं, आणि पहिलाच प्रयत्न धरला जातो. संगणकावरच्या परीक्षेत हे शक्य नाही. पण घरी तयारी करताना हा नियम आपला आपल्याला लावून घ्यायला कोणाची परवानगी लागते?

म्हणून माझं म्हणणं असं. पर्याय हाताने झाका आणि आधी स्वतःचं उत्तर काढा. मग हात उचला. बरोबर उत्तर सापडलं तरी पुढे पळू नका. उरलेले तीन का चूक, ते प्रत्येकी एका ओळीत लिहा. दिवसाला शंभर प्रश्न होणार नाहीत, पंचवीस होतील. पण त्या पंचवीस प्रश्नांत शंभर पर्यायांचा विचार झालेला असेल. वेग शेवटच्या महिन्यात घड्याळ लावून वाढवता येतो. समज तेव्हा वाढवता येत नाही. आणि एमसेटमध्ये चुकीला गुण कापत नाहीत, तेव्हा शेवटी एकही प्रश्न कोरा सोडू नका. अंदाज तेव्हा करायचा, आधी नाही.

त्या तीन ओळी कोणत्या भाषेत लिहायच्या? जी तोंडात येते तिच्यात. नीटचा पेपर मराठीत मिळतो, पण त्यासाठी केंद्र महाराष्ट्रातलं घ्यावं लागतं. हैदराबादच्या मराठी मुलाला ती सोय नाही. पेपर इंग्रजीत असेना का, विचार इंग्रजीतच करायला हवा असं थोडंच आहे? "हे आम्ल आहे ना, मग सामू सातच्या वर जाईलच कसा?" हे वाक्य आपल्या भाषेत मनात उमटलं की ते विसरत नाही. याच शहरात उस्मानिया विद्यापीठाने कितीतरी वर्षं विज्ञान उर्दूतून शिकवलं. आपल्या भाषेतून रसायन समजून घेणं या गावाला नवीन नाही.

आपल्या मंडळात सायन्सची मुलं आहेत, आणि घरोघरी इंटरची भावंडं. रविवारी एक तास, दहा प्रश्न, आणि प्रत्येकाचे तीन चुकीचे पर्याय मोठ्याने, मराठीत समजावून सांगायचे. ज्याला सांगता येईल, त्याला आलं. ज्याला येणार नाही, त्याला परीक्षेच्या आधी कळेल की कुठे अडतंय. काव्यवाचनाला आपण खोली मागतो, तशी यासाठीही मागू या.