फुलांना परवडतं, रोग्याला नाही?

‘हेलिकॉप्टरनं पेशंट न्यायचा? बाई गं, केवढा खर्च!’ इंदूरच्या आपल्या मंडळात हे ऐकलं की मला राहवत नाही. पंचकल्याणकात पुष्पवृष्टीला हेलिकॉप्टर येतं तेव्हा हा हिशेब कुठे जातो? तिथे तर बोली लागते, टाळ्या वाजतात!

मध्य प्रदेशात २०२४ पासून पीएम श्री एअर ॲम्ब्युलन्स आहे. आयुष्मान कार्डवाल्यांना ती मोफत. तरी ‘एका जिवासाठी एवढा पैसा’ हे चालूच. खर्च मोठा, कबूल. पायलट, डॉक्टर, देखभाल, सगळं उड्डाण नसतानाही तयार ठेवावं लागतं. पण आग नसताना बंबही उभाच असतो ना? त्याला कुणी उधळपट्टी म्हणतं का?

प्रत्येक तापाला हेलिकॉप्टर द्या, असं मी म्हणत नाही. गावात दवाखाना हवा, दारात १०८ हवी. पण डोक्याला जबर मार, भाजलेली सून, बाळंतपणात न थांबणारा रक्तस्राव, अशा वेळी रस्त्यातले चार तास जीव घेतात. तेव्हा ‘पैसे कोण भरणार?’ हे खाटेशी उभ्या बाईला विचारायचं नसतं. ते आधीच ठरलेलं हवं. कार्ड नसलेल्या मध्यम घरांसाठी समाजानं निधी उभारावा.

आहार, औषध, शास्त्र, अभय ही चार दानं आपण पोरांकडून पाठ करून घेतो. मग येत्या चातुर्मासात एक बोली औषधदानाची लावा. फुलं काय, जमिनीवर उभं राहूनही वाहता येतात.