जुना कॉम्प्युटर आणि नवी जवारी

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मिरजेला माहेरी गेले, तर आपाच्या घरात सगळेच गप्प. भाचा जेवायला येईना, आपा कुणाशी बोलेना. विचारपूस केल्यावर कळले की भांडणाचे मूळ कोपऱ्यातला कॉम्प्युटर आहे.

भाचा त्यावर संगीताचे काम करतो. दुकानांच्या जाहिराती, शाळांच्या स्नेहसंमेलनाची गाणी, लहान मुलांच्या कविता. यंत्र 2014 सालचे. हल्ली गाण्यात सहा-सात ट्रॅक झाले की आवाज तुटायचा, फाइल उघडायला पाच-पाच मिनिटे लागायची. दुकानदाराने पाहताक्षणी सांगितले, "हे सगळे भंगारात टाका. विंडोज 10 पण बंद झाले." आणि हातात बहात्तर हजारांचा अंदाज ठेवला. आपाजवळ तेवढे पैसे होते, पण ते भाचीच्या फार्मसीच्या फीसाठी.

मी भाषा शिकवते, उर्दू आणि मराठी. पण शाळेच्या कॉम्प्युटर रूममधली जुनी यंत्रे चालती ठेवण्याचे कामही कित्येक वर्षे माझ्याकडेच आले आहे. त्यातून एक सवय लागली. वर्गात मूल मागे पडले की आपण त्याला लगेच ढ म्हणत नाही. त्याला फळा दिसतो का, ऐकू येते का, ते सकाळी काही खाऊन आले का, हे आधी पाहतो. यंत्राचेही तसेच.

भाच्याला म्हटले, "तुझे नेहमीचे गाणे लाव आणि कंट्रोल, शिफ्ट, एस्केप ही तीन बटणे एकदम दाब." टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर चाळीस टक्क्यांच्या आसपास, म्हणजे तो निवांत होता. मेमरी मात्र काठोकाठ भरलेली आणि हार्ड डिस्क शंभर टक्क्यांवर अडकलेली. दुखणे सापडले. चार जीबी रॅम संपली की कॉम्प्युटर उरलेले सामान हार्ड डिस्कवर ठेवतो. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि काटा जागा शोधत धावतो. त्याच डिस्कवरून सतार-तबल्याचे नमुनेही वाचायचे असतात. एवढ्या धावपळीत आवाज तुटणारच.

तेवढ्यात डब्यातून टिक् टिक् असा आवाज आला. मी विचारले, "हा कधीपासून येतो?"

"दोन-तीन महिने झाले, खाला."

"आणि अब्बांची रेकॉर्डिंग कुठे आहेत?"

तो काही बोलला नाही. त्याने त्या डब्याकडे बोट केले.

आमचे मरहूम अब्बा तंबोरे बनवायचे. पंढरपूरकडचा भोपळा कसा पारखायचा, लाकूड किती वाळवायचे, जवारी कशी काढायची, हे सगळे भाच्याने त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवले होते. दुसरी प्रत नव्हती. भांडण तिथेच थांबले. आपा स्वतः उठून दुकानातून बाहेरची हार्ड डिस्क आणायला निघाली.

रात्रभर कॉपी चालू होती. सगळे आले, फक्त एक फाइल आली नाही. अठरा मिनिटांची. नेमकी जवारीची. ती आजही उघडत नाही.

म्हणून यंत्राला स्क्रू ड्रायव्हर लावण्याआधी काय करायचे ते सांगते. महत्त्वाच्या कामाच्या तीन प्रती हव्यात, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. आमची एक प्रत आता माझ्याकडे असते. गाण्याची नुसती प्रोजेक्ट फाइल जपून भागत नाही. त्या फाइलमध्ये आवाज बहुधा नसतोच, तो कुठे ठेवला आहे एवढेच लिहिलेले असते. म्हणून प्रत्येक ट्रॅक शून्य सेकंदापासून वेगळा वेव्ह फाइलमध्ये काढून ठेवावा. उद्या सॉफ्टवेअर बदलले तरी तो कुठेही उघडेल. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरचे परवाने जुन्या यंत्रावरून आधी मोकळे करून घ्यावेत.

मग आम्ही दुरुस्तीला बसलो. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली. तिच्यात फिरणारे काही नसते, त्यामुळे ती झटपट वाचते आणि आवाजही करत नाही. रॅम चारची सोळा जीबी केली. इथे आणखी एक गोष्ट उघड झाली. त्या यंत्रात 32 बिटचे विंडोज होते, आणि ते साधारण चार जीबीच्या पलीकडची रॅम वापरूच शकत नाही. रॅम वाढवून विंडोज तेच ठेवले असते, तर पैसे पाण्यात गेले असते. 64 बिटचे विंडोज टाकल्यावर दोन जुनी प्लगइन चालेनाशी झाली, तेवढे सोसले. पंख्यातली धूळ काढली, प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलली. माइकमध्ये येणारी घरघर त्यानेच कमी झाली. एकूण खर्च सात हजारांच्या आत.

काही सुधारणा तर फुकटात झाल्या. भाचा गाताना बफर 1024 वर ठेवायचा. सेकंदाला 44,100 नमुने धरले, तर त्या एका बफरपायीच आवाज सुमारे 23 मिलिसेकंद उशिरा कानात येतो. 128 वर हाच उशीर तीन मिलिसेकंदांच्या आसपास राहतो. म्हणून रेकॉर्ड करताना बफर लहान, मिक्सिंगला मोठा. जे ट्रॅक पक्के झाले ते फ्रीझ करायचे, म्हणजे प्रोसेसरवरचा भार उतरतो.

दुकानदार विंडोजबद्दल सांगत होता ते अर्धे खरे होते. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. सुरक्षेच्या दुरुस्त्या घरगुती वापरासाठी नोंदणी करून 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळतात. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. आमचा चौथ्या पिढीचा. म्हणून ते यंत्र आता फक्त संगीतासाठी ठेवले आहे आणि त्याचे इंटरनेट काढून टाकले आहे. ईमेल, बँक, सगळे दुसरीकडे. लिनक्सवर जायचे असेल, तर उबुंटू स्टुडिओसारखी मोफत सोय आहे. मात्र आपला ऑडिओ इंटरफेस आणि प्लगइन त्यावर चालतात का, ते आधी तपासावे.

कधीतरी नवे यंत्र घ्यावेच लागते. ट्रॅक फ्रीझ करूनही प्रोसेसर शंभरवर राहत असेल, मदरबोर्ड आणखी रॅम घेत नसेल, किंवा त्यावरचे कपॅसिटर फुगले असतील, तर जुन्यात पैसे घालू नयेत. नवे घेताना चांगला प्रोसेसर, सोळा जीबी रॅम आणि ती वाढवण्याची जागा, एसएसडी आणि शांत पंखा एवढे पाहावे. दुकानदाराच्या त्या बहात्तर हजारांत महागडे ग्राफिक्स कार्ड होते आणि रंगीत दिवे होते. गेम खेळणाऱ्याला त्याचा उपयोग. गाण्याच्या कामात ग्राफिक्स कार्डाला फारसे काही करायचे नसते. आम्ही घेतलेली जुन्या जातीची रॅम नव्या यंत्रात बसणार नाही, पण एसएसडी आणि ऑडिओ इंटरफेस बरोबर नेता येतील. खर्च करताना हा फरक लक्षात ठेवावा.

अब्बांकडे लोक आवाज बसलेले तंबोरे घेऊन यायचे. तारांनी घोडीवर खाचा पडलेल्या असायच्या. गिऱ्हाईक म्हणायचे, नवाच द्या. अब्बा आधी भोपळा ठोकून पाहायचे, दांडी सरळ आहे का बघायचे. भोपळा तडकलेला असेल तर स्पष्ट सांगायचे की यात पैसे घालू नका. नाहीतर घोडी घासून नवी जवारी काढून द्यायचे. त्यांनी ते कसे केले हे अठरा मिनिटांत सांगितले होते, आणि ते आम्ही गमावले.

भाचीची फी वेळेवर भरली. भाचा दर महिन्याला नव्या यंत्रासाठी दीड हजार बाजूला टाकतो. तुमच्या घरातल्या मोबाइलमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये आजी-नानांचा आवाज असेल, तर त्याची दुसरी प्रत आहे का, ते हा अंक खाली ठेवल्यावर आजच पाहा.