मुक्या साक्षीदाराची राखण

याज्ञवल्क्यस्मृतीने लेख, भोग व साक्षी अशी तीन प्रमाणे सांगितली, आणि ती नसतील तेथे दिव्य करावयास लावले. आजच्या न्यायमंदिरात ह्यांच्या जोडीला आणखी एक साक्षीदार उभा राहिला आहे. रक्ताचा ठिपका, लाळ, केसाचे मूळ ह्यांवरून मनुष्याची ओळख पटविणारा डीएनए हा तो साक्षीदार होय. तो लाच खात नाही, हे खरे; परंतु तो नासतो, हे फारसे कोणी बोलत नाही. ओल व उष्णता त्यास मारतात, परक्या हाताचा स्पर्श त्यास भ्रष्ट करतो. वर्धा जिल्ह्यातला वैशाख ज्यांनी सोसला आहे त्यांस अधिक सांगावयास नको.

ठाणे जिल्ह्यात २०१० साली सहा वर्षांच्या एका बालिकेवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. सत्र न्यायालयाने २०१४ साली आरोपीस फाशीची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने ती पुढच्या वर्षी कायम केली. १९ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच आरोपीस निर्दोष सोडले. निकाल देणाऱ्या न्यायमूर्तींत आमच्या विदर्भाचे, अमरावतीचे, भूषण गवई हेही होते. नमुने प्रयोगशाळेकडे जावयास विलंब का लागला, ह्याचा खुलासा झाला नाही. मध्यंतरी ते दूषित झाले नसतील अशी खात्री देता येईना. ‘सुटला!’ म्हणून हळहळणारे पुष्कळ असतील. आमच्या मते हळहळ योग्य, पण तिचे स्थान चुकले. एक मनुष्य आठ-नऊ वर्षे फाशीच्या छायेत बसला, आणि त्या बालिकेचा मारेकरी कोण, हा प्रश्न तसाच राहिला.

१५ जुलै २०२५ रोजी तामिळनाडूतील एका खटल्यात त्याच न्यायालयाने साऱ्या देशासाठी नियम घालून दिले. नमुना नीट बांधून त्यावर गुन्ह्याचा तपशील लिहावा. डॉक्टर, तपासी अंमलदार व त्रयस्थ साक्षीदार ह्यांच्या सह्या घ्याव्या. ४८ तासांच्या आत तो प्रयोगशाळेत पोचवावा, आणि विलंब झाल्यास कारण नोंदवावे. न्यायालयाच्या परवानगीवाचून मोहोर फोडू नये. नमुना ज्याच्या ज्याच्या हातून गेला त्याची नोंदवही असावी. आमच्या सेलूहून नागपूरची प्रयोगशाळा मोटारीने दोन तासांचीही वाट नाही. येथे तरी अंतराची सबब चालणार नाही.

ह्याचा आमच्या वाचकांच्या घराशी संबंध काय, असे कोणी विचारील. पहिला पुरावा पुष्कळदा घरातच नष्ट होतो. मुलीवर प्रसंग ओढवला की वडील मंडळी अब्रूच्या धास्तीने प्रथम तिला न्हाऊ घालतात आणि कपडे धुऊन टाकतात. माया खरी, पण तिने साक्षीदार पाण्यात जातो. कपडे न धुता, सावलीत वाळू देऊन कागदी पिशवीत ठेवावे. प्लास्टिकमध्ये ओल कोंडून ते कुजतात. गुन्ह्याची खबर मिळाल्यापासून २४ तासांत पीडितेस तिच्या संमतीने वैद्यकीय तपासणीस पाठवावे, असे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १८४ सांगते. घरच्यांनी उगाच दिवस दवडू नये.

आता शिक्षेनंतरची गोष्ट. अमेरिकेत ॲरिझोना राज्यात एका मनुष्यास मुलावरील अत्याचाराबद्दल १९८५ साली शिक्षा झाली. मुलाचे कपडे पोलिसांनी शीतपेटीत न ठेवल्यामुळे त्यांवरून काही ठरेना. दुष्ट हेतू नसेल तर अशा हयगयीने आरोपीच्या हक्कास बाध येत नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली दिला. पुढे २००० साली शिल्लक राहिलेल्या दुसऱ्या एका नमुन्याची परीक्षा झाली आणि तो मनुष्य निरपराध ठरला! २००४ साली तेथे कायदा झाला, की संघराज्याच्या खटल्यांत कैदी तुरुंगात आहे तोवर असा पुरावा सामान्यतः नष्ट करू नये. आपल्याकडे नोंदवही राखावयाची ती दोषी वा निर्दोष ठरेपर्यंत. २०१९ साली लोकसभेत आलेले डीएनए विधेयक २०२३ साली मागे घेण्यात आले, आणि जन्मठेपेच्या कैद्याने वीस वर्षांनी आपला नमुना पुन्हा तपासा म्हटले तर तो जागेवर असलाच पाहिजे, असे बांधून सांगणारे कलम आम्हांस संहितेत आढळत नाही.