गोळी निवडायला बर्मिंगहॅम कशाला?

अमेरिकेतला एखादा हौशी शिकारी दुर्मीळ काडतुसाची रायफल मुद्दाम घडवून घेतो आणि काडतुसं घरीच भरतो: वापरलेली पितळी पुंगळी, ठिणगी देणारी नवी टोपी, तोलून घातलेली दारू, वर गोळी. आपल्याकडे काडतुसं बनवायला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. शिकार तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संपवलीच, आणि बरंच केलं.

तरी नळी आणि काडतूस यांची जुळणी कोल्हापूरला परकी नाही. २०१० मध्ये म्युनिकला तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोनमध्ये (पालथं पडून नेमबाजी) विश्वविजेती झाली. १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ४५१.४ गुणांसह ऑलिंपिक कांस्य जिंकलं. दोघांचंही काडतूस पॉइंट टू-टू. ते पुन्हा भरायची सोयच नाही. पेट घेणारा मसाला पुंगळीच्या कडेतच असतो. पिनच्या ठोक्याने कड चेपली की पुंगळी भंगारात.

मग नेमबाज भरत नाही, निवडतो. रायफल शिकंज्यात आवळायची, एकेका लॉटच्या, म्हणजे एका खेपेत बनलेल्या काडतुसांच्या, दहा गोळ्या झाडायच्या, कागदावरची भोकं मोजायची. कारखाना एकच, तरी एक लॉट या नळीतून एकाच भोकात गोळ्या घालतो, दुसरा फाकतो. जमलेला लॉट पेट्यांनी उचलायचा. काडतुसं बनवणारी एली कंपनी ही चाचणी बर्मिंगहॅममध्ये करून देते, लापुआ कंपनी जर्मनीत. राधानगरीच्या पोराने तिथवर रायफल न्यायची कशी?

पदक आल्यावर सरकार कोटीचं बक्षीस जाहीर करतं. त्यातला थोडा पैसा आधी सुटावा: कोल्हापुरातच एक शिकंजा, निवडीपुरते लॉट, आणि पहिला नंबर ज्युनिअर मुलामुलींचा.